उशिरा निघालेला मुऱ्हाळी

१४ नोव्हेंबर १९५७
कापसाची दुसरी वेचणी. सकाळी थंडी, दुपारी चांगलं ऊन.

पोस्टमन आज थेट शेतात आला. एरवी तो गावात पत्र टाकून निघून जातो, म्हणून मला वाटलं कुणी तरी गेलं. कार्ड पाकिस्तानचं होतं, अक्षर गुजराती. बांधावर बसून वाचलं. "रतिलालभाई, तुमची बेन रुखमाबाई इथे कराचीत आमच्या शेजारी राहते. ती विचारते, येत्या साली आखाजी कधी आहे? इथे पंचांग मिळत नाही." खाली कुणा हवाबाईच्या मुलाची सही. एवढंच.

माझी बहीण जिवंत आहे. कार्ड तीनदा वाचलं आणि कापसाच्या गाठोड्यावर बसून रडलो. वेचणाऱ्या बाया बघत होत्या. बघू देत.

संध्याकाळी बायकोला, तुळशीला, कार्ड वाचून दाखवलं. म्हटलं, उद्याच पंचांगात अक्षय्य तृतीया बघून आखाजीची तारीख कळवतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "त्या तारीख नही इचारी ऱ्हायन्यात. मन्हा मुऱ्हाळी कवय ई, आसं इचारी ऱ्हायन्यात."

१५ नोव्हेंबर
तुळशीचं खरं आहे. बेन विचारतेय, मला न्यायला कधी येतोस. सासरी गेलेली लेक आखाजीला आपल्या पायांनी येत नाही. माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून घ्यायला जातो, तेव्हा ती येते. मेहुणे कापसाच्या प्रेसमध्ये काट्यावर नोकरीला लागून कराचीला गेले, तरी आबा दोन-तीन वर्षांआड तिथपर्यंत जाऊन बेनला घेऊन येत. शेवटचं आणलं ते एकतीस साली. त्याच पावसाळ्यात आबा गेले.

बत्तीसच्या आखाजीला पाळी माझी होती. मी कळवलं, विहिरीचं काम चालू आहे, यंदा जमत नाही. विहीर तर आदल्या वर्षीच बांधून झाली होती. खरं कारण तुळशीलाही कधी सांगितलं नाही. मला आगगाडीची भीती वाटायची. दोन पोरांचा बाप, तीस वर्षांचा बाप्या, आणि एकट्याने गाड्या बदलत परमुलखात जायचं धाडस होत नव्हतं. पुढल्या वर्षी नक्की येतो असं लिहिलं. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच लिहिलं. मग बेनने पत्र पाठवणं सोडलं, आणि पुढे देशाचेच दोन देश झाले.

१८ नोव्हेंबर
आणखी एक गोष्ट आहे. तीन दिवस टाळतोय, आज लिहूनच टाकतो.

फाळणीनंतर माझी दोन पत्रं परत आली, पत्त्यावर कुणी राहत नाही म्हणून. पन्नास साली आखाजीला पितरांच्या घागरी भरताना आबांच्या आणि आईच्या घागरीशेजारी मी तिसरी ठेवली. जोशीबुवा म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, एवढी घाई कशाला? मी ऐकलं नाही. मनात आलं, गेलीच असेल तर ऐन उन्हाळ्यात माहेरचं पाणी तरी मिळू दे. तेव्हापासून आठ आखाज्या झाल्या, आठ घागरी भरल्या. जित्या बहिणीला मी आठ वेळा पितरांच्या पंक्तीत बसवलं. याने तिचं आयुष्य तर नाही ना घटलं? जोशीबुवांना विचारायचा धीर होत नाही.

मी जाणार. तुळशीला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, मी पीठ दळी ठेवस." जसं काही मी शहाद्याच्या बाजाराला निघालोय.

८ जानेवारी १९५८
धुळ्याला कचेरीत गेलो. पासपोर्टासाठी फोटो काढला, त्यात मी पकडून आणल्यासारखा दिसतो. कारकुनाने विचारलं, प्रयोजन काय? म्हटलं, बहिणीला आखाजीला आणायचंय. त्याने लिहिलं, "नातेवाइकांची भेट." मग विचारलं, एकटेच? मी म्हटलं, जाताना एकटा, येताना दोघं. तो हसला. यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही.

२२ मार्च
व्हिसा येऊन पडला. नंदुरबारला लुगडं घ्यायला गेलो. मुऱ्हाळी हात हलवत जात नाही. मला हिरवं आवडलं होतं, पण तुळशीने आधीच बजावलं होतं की त्या विधवा आहेत. मेहुणे गेल्याचं मला दुसऱ्या कार्डातून कळलं, अठ्ठेचाळीस सालीच गेले. शेवटी मोतिया रंगाचं घेतलं, निळ्या काठाचं.

दुकानदाराने घडी घालता घालता विचारलं, "बहीनले का? कवय वारन्यात?" म्हातारी बाई गेली की अंगावर घालायला माहेरचं लुगडं लागतं, त्याला वाटलं त्यासाठीच नेतोय. असा संताप आला! म्हटलं, जित्या बहिणीला नेतोय, आखाजीला आणायला चाललोय. तो बिचारा ओशाळला आणि वर एक खण ठेवला. मी खण परत केला. मग वाईट वाटलं, त्याचं काय चुकलं होतं?

२७ मार्च, सुरत स्टेशन
मोठ्या मुलाने पहाटे बैलगाडीतून नंदुरबारला सोडलं. सोबत ट्रंक, पाच शेर कळण्याचं पीठ, सांजोऱ्यांचा डबा. गाडी सुटली. खिडकीचा गज घट्ट धरून बसलो. शेजारच्याने विचारलं, पहिलीच खेप का? म्हटलं, छे! नवापूरला चहा घेतला तेव्हा कुठे गज सोडला. पुढे घाट, सागाची झाडं, मग बोलणं गुजराती होत गेलं. आमच्या घरात अर्धी गुजरातीच, त्यामुळे परकं वाटलं नाही.

भीती वाटायचं काही कारण नव्हतं. हे कळायला मला पंचावन्न वर्षं लागली, आणि तिकडे बेन ट्रंक भरून बसली असेल. फार वाईट वाटतंय.

३१ मार्च, मुनाबाव
अहमदाबादला गाडी बदलली, मारवाडला बदलली. बाडमेरच्या पुढे झाड म्हणून नाही. रेती दातांत, कानांत, सांजोऱ्यांत. मुनाबावला सगळ्यांना उतरवून सामान उघडायला लावलं. साहेबाने पिठात बोट बुडवून विचारलं, हे काय? कळण्याचं पीठ म्हणजे काय, ते समजवताना जीव मेटाकुटीला आला. ज्वारी, उडीद, मीठ. शेवटी त्याने चाखून पाहिलं आणि पिशवी बांधून दिली.

थोड्या अंतरावर खोखरापार. तीच रेती, तेच प्रश्न, फक्त टोपी वेगळी. तिथला साहेब म्हातारा होता, रोजे चालू असल्याने ओठ सुकलेले. "किसके पास जाना है?" बहन के पास. "कितने साल बाद?" म्हटलं, सत्ताईस. त्याने माझी ट्रंक उघडलीच नाही, शिक्का मारला आणि म्हणाला, "जल्दी जाओ."

२ एप्रिल, कराची
हवाबाईचा मुलगा स्टेशनवर आला होता. गोदीत कामाला आहे, चाळिशीचा, अबोल. जुनी तीन मजली चाळ, खाली कच्छी-मेमण कुटुंबं, वर दोन-तीन हिंदू घरं. बेन वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. मी तिला ओळखलं नाही. माझ्या आठवणीतली बेन उंच होती, डोक्यावर दोन हंडे घेऊन तापीवरून यायची. ही एवढीशी.

तिने मात्र ओळखलं. म्हणाली, "उना का रती? विहीर खंदाई गयी?"

सव्वीस वर्षं हे वाक्य जपून ठेवलं होतं तिने. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडत सांगितलं, बेन, विहीर खोटी होती, मला गाडीची भीती वाटायची. ती म्हणाली, "माले माहीत शे. तू ल्हानपनी जत्रामा पाळणाले बी भ्यायचास." मग तिने माझ्या कानातली रेती पदराने पुसली.

४ एप्रिल
बेनची हकीकत थोडी थोडी कळतेय. मेहुणे पक्षाघाताने अंथरुणावर होते, म्हणून सत्तेचाळीसला निघता आलं नाही. वर्षभरात ते गेले. घर सुटलं, मग हवाबाईने तिला आपल्या चाळीत खोली मिळवून दिली. इतकी वर्षं पत्र का नाही टाकलं, असं मी विचारलं. म्हणाली, "पहिले राग व्हता. मंग लाज वाटनी." मग आता कसं टाकलंस? त्यावर ती नुसती हसली.

आज मी स्वतः चुलीशी बसून कळण्याची भाकरी थापली. वेडीवाकडी झाली. बेनने हातात घेऊन आधी नुसता वास घेतला. खाल्ली मात्र पाव. म्हणते म्हातारपणी भूक मरते. पायांना सूज आहे, खारं पाणी बाधत असणार. कोपऱ्यात औषधाच्या बाटल्या आहेत. कशाच्या, तर वाताच्या. आमच्या गावी आली की आठ दिवसांत पाय उतरतील. पपई खाऊ घालीन, केळी खाऊ घालीन.

लुगडं दिलं. बराच वेळ काठावरून हात फिरवत होती. म्हटलं, नेस की. म्हणाली, "येळवर नेससू." ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं आणि हवाबाईला हाक मारून दाखवलं, हे इथे आहे, ध्यानात ठेव, तूच मला नेसवायचं. हवाबाईने मान हलवली आणि डोळे पुसत बाहेर गेली. मेमण बाई फार मायाळू आहे. निघायच्या दिवशी बेनला निऱ्या घालून द्यायला तीच लागेल, बेनचे हात आता थरथरतात.

७ एप्रिल
मी मूर्ख आहे. ठळक अक्षरात लिहून ठेवायला पाहिजे.

हवाबाईच्या मुलासोबत बेनच्या तिकिटाची चौकशी करायला गेलो, तर कळलं की बेनलाही पासपोर्ट लागतो आणि वर आपल्या सरकारचा व्हिसा लागतो. ती आता तिकडची. आबा कधी तिचे कागद न्यायचे? मुऱ्हाळी गेला की लेक त्याच्यासोबत निघते, एवढंच मला ठाऊक. धुळ्याचा कारकून का हसला ते आज कळलं. निदान तोंडाने तरी सांगायचं होतं.

जुलैच्या आत कागद होत नाहीत. आखाजी एकवीस एप्रिलला. म्हणजे मी रिकामा परतणार. रिकाम्या हाताने आलेल्या मुऱ्हाळीला गाव काय म्हणेल ते म्हणो, बेनला काय तोंड दाखवू? खालच्या पायरीवर तासभर बसून राहिलो.

शेवटी वर जाऊन सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तू उना ना. मन्हा मुऱ्हाळी उना, समदा चाळवालासनी देखा. बस." अर्ज भरला. तिने हसत हसत अंगठा उमटवला आणि शाई माझ्या नाकाला लावली. मी म्हटलं, पुढच्या आखाजीला येतो, तोवर कागद तयार असतील. ती म्हणाली, "येजो."

९ एप्रिल
आज सगळं बोलून टाकलं.

सूर्यास्ताची वेळ होती. हवाबाईने रोजा सोडायला पाणी ओतून ठेवलं होतं आणि बांगेची वाट बघत बसली होती. ते पाणी बघून मला राहवेना. म्हटलं, बेन, एक पाप झालंय. मी तुझी घागर भरली. एक नाही, आठ.

तिला आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. हवाबाई स्वतःचा पेला सोडून तिची पाठ चोळायला धावली. उबळ थांबायला बराच वेळ लागला. मग बेन म्हणाली, "आठ?"

"आठ."

"मंग बराबर. कराचीनं पानी खारं शे, रती. कितलं बी पी, तहान जात नही. पन आखाजीना दिन माले तहानच लागे नही. मी म्हनू, हाई काय व्हई ऱ्हायनं? तठे तू पाजी ऱ्हायना व्हता."

खरं की माझ्यासाठी रचलं, देव जाणे. माझ्या छातीवरचा धोंडा मात्र उतरला. मग ती म्हणाली, "यंदा बी भरजो."

मी म्हटलं, तू जिती आहेस, आता कशाला? असं करू नये.

"भरजो. खंड नको पाडू."

माझी लाज झाकायला म्हणाली, दुसरं काय. लहानपणी मी मडकं फोडलं की ती आईला सांगायची, माझ्याच हातून फुटलं.

१२ एप्रिल
आज निघालो. हवाबाईने जिन्यात मला अडवलं. "भाई, थोडा दहाडा वधारे रोकाव ने." थोडे दिवस जास्त राहा म्हणत होती. व्हिसाला अजून दहा दिवस आहेत हेही तिला ठाऊक होतं. म्हटलं, आखाजीच्या आत घरी पोचायचंय, घागरी माझ्या हाताने भरायच्या आहेत. आणि पुढल्या वर्षी मी येणारच आहे, तेव्हा महिनाभर राहीन. ती जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. बेननेही वरून आवाज दिला, "जाऊ दे त्याले, हवा. गाडी चुकी."

पिठाची पिशवी रिकामी परत नेऊ नये म्हणून बेनने त्यात खजूर भरला. स्टेशनवर येते म्हणाली होती, पण जिना उतरायला नको म्हणून गॅलरीतच बसली. मी रस्त्याच्या टोकापर्यंत मागे वळून बघत होतो. तिचा हात वर केलेला होता. दमली असेल, तरी खाली घेतला नाही.

१७ एप्रिल
काल घरी पोचलो. माझ्यासोबत कुणी नाही हे बघून गाव बोललंच. पारावर कुणीतरी म्हणालं, "रतिलालभाऊ, मुऱ्हाळी गया आन खजूर लई उना." मीही हसलो. खजूर सगळ्यांना वाटला.

तुळशी रात्रभर खोदून खोदून विचारत होती, म्हणून आज सकाळी पहिल्यापासून सांगितलं. मी गाड्यांचं, रेतीचं, साहेबांचं सांगत होतो, तिला त्यात रस नव्हता. तिने विचारलं, "लुगडं नेसन्यात का?" म्हटलं, नाही, ट्रंकेत वर ठेवलंय, हवाबाईला दाखवून ठेवलंय, वेळेवर तीच नेसवणार आहे. तुळशीचे हात कणकेत तसेच राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नही. पाय सुजेल व्हतात म्हनतस ना तुम्ही?" हो म्हटलं. मग ती हात धुवायला उठली. बाईमाणसाचं असंच, अर्ध्यात गोष्ट सोडून उठून जाते.

२१ एप्रिल, आखाजी
ऊन कडक. वारा नाही.

आमची लेक धनू सासरहून आलीय, मोठा मुलगा तिला घेऊन आला. लिंबाला झोके बांधले. मी एक झोका जास्त बांधला. सकाळपासून त्यावर पोरी बसतायत, बसू देत.

घागरी मांडताना मी दोनच मांडल्या, आबांची आणि आईची. तुळशीने तिसरी आणून ठेवली. म्हटलं, अगं, बेन जिती आहे, जोशीबुवा काय म्हणतील? ती म्हणाली, "बेनसनी सांगेल शे ना? मंग भरा." तिचा आवाज असा होता की मी वाद घातला नाही. भरली. वर छोटं मडकं ठेवलं, त्यावर खरबूज. पाणी ओतताना म्हटलं, बेन, ही नववी, आणि ही शेवटची. पुढच्या वर्षी इथे बसून स्वतःच्या हाताने पी.

तुळशीने हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि कितीतरी वेळ उठली नाही. हल्ली तिचे गुडघे दुखतात.

जेवण झाल्यावर पंचांग काढलं. पुढच्या साली आखाजी दहा मे. नोव्हेंबरात बेनने विचारलं होतं, तेव्हा निघायच्या घाईत तारीख कळवायचीच राहून गेली होती. म्हणून या वेळी कार्डावर आधी तारीख लिहिली, मोठ्या अक्षरात, आणि मग खाली लिहिलं, मी आठ दिवस आधी निघतो, लुगडं काढून ठेव.

उद्या टपालात टाकतो.